बिनभरतीचं खोगीर

'खोगीरभरती' हा शब्द मी आजवर शेकडो वेळा वापरला असेल. प्रोजेक्टवर क्लायंटला बिल लावता यावं म्हणून चार जास्तीची डोकी घेतली की आम्ही चहाच्या टपरीवर म्हणायचो, "झाली खोगीरभरती सुरू!" पण खोगिरात नेमकं भरतात काय, कुठे आणि कशासाठी, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला थेट कोलोराडोत, एका गॅरेजवजा दुकानात, हातात रापी घेऊन उभा असताना. आणि उत्तर असं मिळालं की ज्या जातीच्या खोगिरावर मी काम करत होतो त्यात भरती नसतेच!

नमनाला घडाभर तेल नको. डेन्व्हरला आठ महिन्यांचं ऑनसाइट होतं. वीकेंड म्हणजे लाँड्री, इंडियन स्टोअर आणि घरी फोन. जानेवारीत ऑफिसातल्या एकाबरोबर तिथल्या प्रसिद्ध स्टॉक शोला गेलो. गुरं, घोडे, रोडिओ, सगळी जत्राच. सगळे बैलांवर बसणाऱ्यांकडे बघत होते आणि मी एका स्टॉलवर मांडलेल्या खोगिरांकडे. एवढं चामडं, एवढे टाके, एवढं कोरीवकाम... हे कोण करतं? चौकशी करता करता शहरापासून तासाभरावरच्या एका दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता लागला. दुकानाचे मालक सत्तरीच्या पुढचे. इंटरनेटवर नाव आलेलं त्यांना अजिबात आवडणार नाही, म्हणून या लेखापुरतं त्यांना काका म्हणू. मी विचारलं, नुसतं बघत बसलो तर चालेल का? काका म्हणाले, "बघत बसलेला माणूस मला चालत नाही. हे धर." आणि हातात एका मेलेल्या खोगिराचं टोक दिलं.

पुढचे पाच-सहा महिने बहुतेक शनिवार तिथे गेले. हा लेख त्या शनिवारांचा आहे, आणि त्या निमित्तानं वाचलेल्या इतिहासाचाही.

सुरुवात एका पळपुट्यापासून करतो. ऑक्टोबर १८२६ मध्ये मिसुरी राज्यातल्या फ्रँकलिन गावच्या डेव्हिड वर्कमन या खोगीरवाल्यानं पेपरात जाहिरात दिली. सोळा वर्षांचा, वयाच्या मानानं बुटका पण अंगानं भरलेला, फिकट केसांचा एक मुलगा खोगिराचं काम शिकण्यासाठी माझ्याकडे करारानं बांधलेला होता, तो पळून गेला आहे. परत आणून देणाऱ्याला इनाम: एक सेंट.

एक सेंट! म्हणजे मालकाला पोरगा परत नकोच होता, कायद्यासाठी जाहिरात देणं भाग होतं म्हणून दिली, असा अर्थ बरेच जण लावतात. तो पोरगा म्हणजे किट कार्सन. पुढे पश्चिमेकडचा वाटाड्या म्हणून दंतकथा झालेला आणि १८६३-६४ मध्ये नवाहो लोकांविरुद्धच्या मोहिमेमुळे त्यांच्या आठवणीत कायमचा शाप होऊन बसलेला. त्याला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं, पण त्यानं सांगून लिहवून घेतलेल्या आठवणी आहेत. त्यात मालकाबद्दल वाईट शब्द नाही. तक्रार कामाबद्दलच आहे, ते त्याला मानवलं नाही.

मला ते पटतं. आमच्या पहिल्या कंपनीनं दोन वर्षांचा बाँड घेतला होता आणि पहिले सहा महिने आम्ही एक्सेल शीट भरत होतो. त्या काळच्या शिकाऊ पोरांचं एक्सेल शीट म्हणजे दोरा. तागाचे पदर मांडीवर पीळ देऊन एकत्र करायचे, त्यावर मेण चोळायचं, की झाला शिवणीचा दोरा. हात लावायला मिळायचे ते दोरा, झाडू आणि पाण्यात भिजत घातलेलं चामडं. खोगिराच्या खऱ्या गोष्टी उस्तादाच्या हातात, आणि त्याही एकदा वरचं कातडं चढलं की कायमच्या झाकलेल्या. शिकायचं तर उस्तादाच्या खांद्यावरून डोकवायचं.

त्या काळात मिसुरीत बनणारं खोगीर मात्र आज आपण काउबॉयच्या सिनेमात पाहतो ते नव्हतं. ते दक्षिणेकडून आलं, मेक्सिकोतून.

१५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर सोळा घोडे होते. त्याआधी हजारो वर्षं अमेरिका खंडात घोडाच नव्हता. स्पॅनिश लोकांकडे बसायच्या दोन पद्धती होत्या. एक लढाईची: उंच मागचापुढचा कठडा असलेलं जड खोगीर आणि पाय सरळ ताणलेले. दुसरी आफ्रिकेतून स्पेनमध्ये आलेली, आखूड रिकिबीची, गुडघे दुमडून बसायची, तिला 'हिनेता' म्हणतात. तो शब्द रोमन लिपीत लिहिला की आपल्या 'जीन'सारखा दिसतो आणि मी उगाच खूश झालो होतो. पण काही संबंध नाही. आपलं जीन फारसीतून आलं, त्यांचं हिनेता झनाता नावाच्या बर्बर टोळीवरून. असो.

मेक्सिकोत गुरं पसरली आणि ती वळायला घोड्यावरचा गुराखी लागला, तो 'वाकेरो'. या माणसानं एक नवीन गोष्ट केली. घोड्यावर बसल्या बसल्या फास टाकून गुरू पकडायचं. पकडलेल्या दोराचं दुसरं टोक बांधायचं कुठे? सुरुवातीला घोड्याच्या शेपटीला किंवा तंगाच्या कडीला बांधत, असे उल्लेख सापडतात. घोड्याचं काय होत असेल, कल्पना करा. मग खोगिराच्या पुढच्या कमानीतूनच एक खुंटा वर काढला. हाच तो हॉर्न. आजही नवख्या माणसाला वाटतं की हॉर्न धरायला आहे. मीही तोच समजत होतो. काकांनी एकदा विचारलं, "तुझ्या गाडीला मागे जो हूक असतो, तो धरून तू गाडी चालवतोस का?"

हा हॉर्न आल्यावर सगळं बदललं. आधी खोगीर म्हणजे माणसाला बसायची सोय होती, आता ते ओढकाम करणारं यंत्र झालं. चारशे-साडेचारशे किलोचा बैल पळत जाऊन दोराच्या टोकाला पोचतो, तो झटका आधी हॉर्नवर, हॉर्नवरून कमानीवर, तिथून घोड्याच्या पाठीवर. भरतीच्या गादीला हे झेपणं शक्य नाही. म्हणून आतमध्ये लाकडी सांगाडा. तिथे त्याला 'ट्री' म्हणतात, झाडच! पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना दोन लांब फळ्या, पुढे त्यांना जोडणारी कमान, मागे वाटीसारखा कठडा. फळ्या कण्याला टेकता कामा नयेत, वजन सगळं बाजूच्या स्नायूंवर. या सांगाड्यावर ओलं कच्चं कातडं शिवतात, कमावलेलं नव्हे, ढोलाला असतं तसलं. ते हळूहळू वाळतं आणि आवळत जातं. इतकं, की आतलं साधं पाइनचं लाकूडसुद्धा फुटायचं नाव घेत नाही. आपल्याकडे तबल्याच्या पुडीनं जे काम होतं तेच इथे, फक्त वाजवायला बैल.

खाली पाठीला लागतं ते मेंढीचं लोकरीसकट कातडं, आणि त्याखाली वेगळं ब्लँकेट. बस. इंग्रजी पद्धतीच्या खोगिराच्या पोटात लोकर ठासतात, आपलं जुनं खोगीर तर बहुतांश गादीच. त्यामुळे आपल्याला 'खोगीरभरती' सुचली. टेक्सासमध्ये जन्मलेल्या मराठी माणसाला ती सुचली नसती.

आता गंमत बघा. एकाच खोगिराचे दोन प्रदेशांत दोन अवतार झाले आणि कारण एकच, दोराचं टोक. कॅलिफोर्नियातले वाकेरो कातड्याचा विणलेला लांबलचक दोर वापरत, साठ फुटांचा किंवा त्याहूनही लांब. तो हॉर्नला बांधत नसत, फक्त वेढे घेत आणि गरजेप्रमाणे सोडत. झटका हळूहळू मुरतो, म्हणून खोगिराला मधोमध एकच तंग पुरे. टेक्सासवाले दोर आखूड ठेवून हॉर्नला पक्का बांधत. झटका एकदम. मग खोगीर मागून उचललं जाऊ नये म्हणून दोन तंग, एक पुढे, एक मागे. म्हणजे जुनं खोगीर उलटं करून तंगाच्या कड्या कुठे आहेत ते पाहिलं, की ते चालवणाऱ्या माणसाच्या सवयी कळतात. वेढे घेण्याला स्पॅनिशमध्ये 'दार ला वुएल्ता' म्हणतात. इंग्रजी कानांनी ते ऐकलं 'डॅली'. असे डझनभर शब्द आहेत. 'ला रेआता'चं लॅरिएट झालं, 'वाकेरो'चं बकरू झालं, 'लातिगो' आणि 'सिंचा' तर जवळजवळ तसेच राहिले. वेढे घेताना दोर आणि हॉर्नच्या मध्ये बोट सापडलं तर बोट जातं. हे आजही होतं. काकांकडे येणाऱ्या एका गिऱ्हाइकाला अंगठा अर्धाच होता आणि तो त्याच हातानं कॉफी प्यायचा.

शब्द मेक्सिकन राहिले. दुकानावरच्या पाट्या मात्र राहिल्या नाहीत. कॅलिफोर्नियात वायसेलिया नावाचं गाव आहे, तिथल्या खोगिराचं एकेकाळी पश्चिमेत मोठं नाव होतं. ते सुरू केलं ह्वान मार्तारेल या मेक्सिकन कारागिराच्या दुकानानं. सांगाडे करणारा रिकार्दो म्हणून आणखी एक. १८७० च्या सुमारास दुकान डेव्हिड वॉकर यांच्या हाती गेलं आणि पुढे कॅटलॉगवर, शिक्क्यावर, जाहिरातीत नाव वॉकर. वॉकर काही चोर नव्हते, दुकान त्यांनी रीतसर चालवलं आणि वाढवलं. पण मी जेव्हा क्लायंटच्या वेबसाइटवर आमच्या टीमनं रात्री जागून लिहिलेल्या मॉड्यूलबद्दल 'आमच्या इंजिनियर्सनी घडवलेलं' असं वाचतो, तेव्हा मला हल्ली मार्तारेल आठवतो.

१८६७ मध्ये टेक्सासहून गुरांचे मोठे तांडे उत्तरेला कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत यायला लागले आणि खोगीरवाल्यांचे सोन्याचे दिवस आले. शायन, डेन्व्हर, प्वेब्लो, माइल्स सिटी, जिथे रेल्वे आणि गुरं भेटतात तिथे दुकानं. काउबॉयचा पगार महिना तीस-चाळीस डॉलर आणि चांगलं खोगीर महिन्याच्या पगाराएवढं किंवा जास्तच. घोडा बहुतेक वेळा मालकाचा असे, खोगीर मात्र स्वतःचं. एखादा माणूस पार बुडाला हे सांगायला ते म्हणत, "त्यानं खोगीर विकलं." शायनमधल्या फ्रँक मीनिया यांच्या दुकानाला मागच्या कठड्यावरून मागे वळलेल्या चामड्याच्या काठाचं श्रेय दिलं जातं. अजूनही त्या काठाला 'शायन रोल' म्हणतात.

हे दिवस फार टिकले नाहीत. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं, मोकळी कुरणं बंद होऊ लागली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या कुरणांवर गुरं थंडीनं आणि उपासमारीनं पटापट मेली आणि कित्येक मोठे मालक एका मोसमात झोपले. शिवाय टपालानं माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या जाड कॅटलॉगांत स्वस्त खोगिरं मिळायला लागली. मग मोटारी आल्या. दुकानं एकेक करून बंद पडली आणि त्यांच्याबरोबर खांद्यावरून डोकवायचे खांदेही गेले.

इथे मला खरा प्रश्न पडायला लागला. लिहून काहीच ठेवलेलं नाही. सांगाड्याची मापं हे तर धंद्याचं गुपित, ती कुणी सांगत नसे. मग मधली पन्नास-साठ वर्षं ही विद्या जगली कशी?

काकांचं उत्तर एका शब्दाचं होतं: "दुरुस्ती."

त्यांचं स्वतःचं शिक्षण तसंच झालेलं. नवीन खोगिराला गिऱ्हाईक नव्हतं, पण जुनी फाटत होती. फाटलेलं खोगीर उघडलं की आतला मेलेला उस्ताद बोलायला लागतो. कुठे खिळा, कुठे स्क्रू, कुठली कड किती पातळ तासली, कुठे फसवलं. म्हणून त्यांनी मलाही नवीन काही करायला दिलं नाही. एक जुनं खोगीर दिलं, साधारण १९३० च्या दशकातलं असावं असा त्यांचा अंदाज. शिक्का झिजलेला, फक्त 'डेन्व्हर' वाचता येत होतं. एका रँचवाल्याच्या आजोबांचं. त्याला ते नातवासाठी चालू करून हवं होतं.

पहिलं काम: काहीही उघडण्याआधी सांगाडा तपासायचा. खोगीर जमिनीवर नाकावर उभं करायचं आणि मागचा कठडा पुढे दाबायचा. लवला, तर आतलं झाड मोडलंय. मग बाकी सगळी मेहनत फुकट. आमचं लवलं नाही. काकांनी नुसतं "हं" केलं. पुढे महिनाभर मला जी काही शाबासकी मिळाली ती त्या 'हं'मध्येच होती.

मग उलगडणं. चामड्याच्या वाद्या सोडवायच्या, चांदीच्या चकत्या काढायच्या, गंजलेले स्क्रू तेल टाकून फिरवायचे. प्रत्येक पायरीचा मी फोनवर फोटो काढत होतो. काका हसले, त्यांच्या वेळी खडूनं खुणा करायचे. खालचे रुंद झालर-पट्टे सुटे झाले, त्यांची लोकर कसरीनं खाल्लेली, हात लावला की पीठ. आणि आत एकामागून एक माणसं सापडत गेली. एकानं तुटलेल्या जागी पितळी रिबिट ठोकलं होतं. दुसऱ्यानं नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलं होतं, म्हणजे तो नक्कीच दुसऱ्या महायुद्धानंतरचा. तिसऱ्यानं सुतळी वापरली होती. त्याच्याबद्दल काकांनी जे उद्गार काढले ते इथे लिहीत नाही. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं! दहा वर्षांचा जुना कोड उघडावा आणि प्रत्येक फंक्शनमध्ये वेगळ्या माणसाची घाई दिसावी, तसंच. फक्त इथे कॉमेंट लिहायची पद्धत नाही.

की आहे? बैठकीखाली पत्र्याचा एक तुकडा असतो, दोन फळ्यांमधली फट झाकणारा. त्यावर चामड्याचे थर चिकटवून रापीनं तासत तासत बसायची जागा घडवतात. हे सगळं शेवटी वरच्या कातड्याखाली जातं, कुणालाच दिसत नाही, आणि खोगीर चांगलं की वाईट ते नव्वद टक्के इथेच ठरतं. त्या पत्र्यावर पेन्सिलीनं एक आकडा आणि दोन अक्षरं होती. दुकानाचं नाव नव्हे. बाकावर बसून ज्यानं ते तासलं त्याच्या नावाची आद्याक्षरं असावीत. काकांनी अशी अक्षरं बऱ्याच खोगिरांत पाहिली होती. मी त्यांचाही फोटो काढला. कुणाचा आहे तो, कधीच कळणार नाही.

शिवण मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपी निघाली आणि तासणं फार अवघड. हातशिवणीत एकाच दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया. आरीनं भोक पाडायचं, दोन्ही सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढायच्या, दोन्ही हातांनी आवळायचं. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचा धरून राहतो. मशीनची शिवण तुटली तर उसवत जाऊ शकते. रापी मात्र मला आली नाही. एका शनिवारी मी कड पातळ करता करता आरपार गेलो. चांगल्यापैकी जाड, झाडाच्या सालीनं कमावलेलं कातडं, एवढा मोठा तुकडा वाया. मी सवयीनं डाव्या हाताची दोन बोटं हवेत कंट्रोल-झेडच्या पोझमध्ये दाबली, खरंच सांगतो :) काकांनी तो तुकडा उचलला, त्यातून किल्लीला लावायची पट्टी कापली आणि परत माझ्या हातात दिली. ती आजही वापरतो.

भिंतीवर एक तुटका पट्टा टांगलेला होता. तंग ज्याच्यानं आवळतात तो, लातिगो. वरून अगदी बरा दिसणारा, फक्त कडीच्या घडीत चिरलेला. काकांनी तो मला दोन्ही हातांत धरून वाकवायला लावला, आतून बिस्किटासारखा मोडत होता. त्याचा मालक वाचला, त्याचा खुबा नाही. तेव्हापासून मी दुकानात आलेलं प्रत्येक खोगीर आधी तिथे वाकवून बघायचो. बाकी सगळं दिसायला असतं, हे एक जिवाला असतं.

विद्या जगण्याचे दुसरेही रस्ते होते, ते नुसते सांगून पुढे जातो. ओरेगॉनमधल्या पेंडलटनच्या हॅमली कंपनीसारखी काही दुकानं टिकली. रोडिओसाठी सगळ्यांना सारखं खोगीर हवं म्हणून १९१९-२० मध्ये ठरलेला नमुना त्यांनीच बनवला. तिथे शिकून बाहेर पडलेले डफ सिव्हीअर यांना १९८२ मध्ये, अमेरिकन सरकारनं पारंपरिक कारागिरांना राष्ट्रीय सन्मान द्यायला सुरुवात केली त्या पहिल्याच वर्षी, तो मिळाला. वायोमिंगमध्ये शेरिडनच्या डॉन किंग यांनी रूडी मुद्रा या जुन्या कारागिराच्या हाताखाली काम केलं आणि लहान लहान रानगुलाबांच्या वेलींचं असं कोरीवकाम काढलं की आज त्या शैलीला गावाचंच नाव आहे. किंग २००७ मध्ये गेले. आणि ॲल स्टोलमन. यांनी पत्नी ॲन यांच्यासह नव्वदच्या दशकात खोगीर बनवण्याचा तीन खंडांचा कोश काढला, पायरी न् पायरी चित्रांसकट. काही जुन्या लोकांना वाटत असेल की गुपितं बाजारात मांडली. मला तर तो माणूस थोर वाटतो. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याला जगात कुणी धन्यवाद देत नाही. १९९८ मध्ये काही नामवंत कारागिरांनी एकत्र येऊन संघटनाही काढली, नव्यांना शिकवायचं हाच एक मोठा हेतू ठेवून.

आता थोडं नाजूक.

मे महिन्यात एक शाळकरी मुलगी आईबरोबर आली. ऑनलाइन स्वस्तात घेतलेलं खोगीर, सहा महिन्यांत तंगाची कडी उपटून आली होती. काकांनी ते उलटं केलं, नखानं आतलं लाकूड दाबलं, आणि म्हणाले की याच्यावर पैसे घालू नका. त्या गेल्यावर मला दाखवलं. स्क्रूऐवजी स्टेपल, मऊ लाकूड, कोरीवकाम म्हणजे ठशानं दाबलेलं. आणि झालरीखाली छोटा शिक्का: मेड इन इंडिया. काका एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही बोलत मी." ते म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

परतीच्या तासाभराच्या ड्राइव्हमध्ये मी मनात भांडत होतो. कानपूरला ब्रिटिशांनी १८६३ मध्ये सैन्यासाठी खोगिरं आणि घोड्याचं सामान बनवायचा कारखाना काढला. दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथले दलित आणि मुसलमान कारागीर हे काम करतायत, कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे. त्यांना स्क्रू कुठे मारायचा हे कळत नाही? कळतं. पण स्क्रूचे पैसे कोण देणार हे दुसरीकडे ठरतं. आयात करणारा म्हणतो इतक्या डॉलरला पाहिजे, तेवढ्यात स्टेपलच बसतो. आम्हालाही कुणी टेस्टिंगचं बजेट कापून मग 'ऑफशोअर क्वालिटी' म्हणून नाक मुरडलंच आहे की. हे सगळं खरं आहे. आणि त्या मुलीचा घोडा पळताना ती कडी निघाली असती, हेही खरं आहे. पुढच्या शनिवारी मी काकांना पहिला भाग सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिक्का दुकानाचा असतो रे, हात कुणाचा ते कुणाला माहीत?" आणि मला त्या पत्र्यावरची दोन अक्षरं आठवली.

हे घरी आईला फोनवर सांगायला गेलो तेव्हा वेगळीच अडचण. "चामड्याचं काम शिकतोयस?" म्हणाली आणि पलीकडे शांतता. मग, "इंजिनियर होऊन?" मला कळलं की त्या शांततेत इंजिनियरिंगपेक्षा जुनं काहीतरी होतं. तिलाही कळलं असावं, तिनं विषय बदलला. आपल्याकडे जीनगर हे आडनाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. म्हणजे सरळ सरळ जीन बनवणारा. मराठ्यांचं राज्य घोड्याच्या पाठीवर उभं राहिलं असं आपण अभिमानानं म्हणतो, पण त्या पाठीवर ज्यांनी खोगीर घातलं त्यातल्या एकाचं तरी नाव मला सांगता येईल का? ब्रिटिश काळातल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जीनगरांची नोंद आहे, खोगिरांची मागणी आटल्यामुळे ते दुसऱ्या कामांकडे वळले अशी. धातूकाम, चित्रं, मातीच्या मूर्ती. त्यांना दुरुस्तीचाही आधार राहिला नाही. घोडेच गेले.

जूनच्या शेवटी माझं खोगीर जुळलं. नवी लोकर, नवे रिकिबीचे पट्टे, नवा लातिगो. पितळी रिबिट काकांनी राहू दिलं, म्हणाले तो माणूस शहाणा होता. रिकिबी बाहेरच्या बाजूला वळलेल्या राहाव्यात म्हणून पट्टे ओले करून, पीळ देऊन, दोन्हींतून एक झाडूचा दांडा घालून रात्रभर ठेवलं. हीच तिथली पद्धत, कुणाच्याही तबेल्यात असा झाडू दिसेल. बैठकीचं कातडं परत चढवायच्या आधी काकांनी पेन्सिल पुढे केली. मी पत्र्यावर त्या दोन अक्षरांच्या खाली माझी दोन लिहिली, देवनागरीत, आणि तारीख. काकांनी डोकं वाकडं करून बघितलं, हे उलटं तर नाही ना म्हणून विचारलं, आणि कातडं ओढून घेतलं.

मालक रविवारी आला. बैठकीवर हात फिरवला नाही, कोरीवकाम पाहिलं नाही. लातिगो मुठीत गुंडाळून दोनदा जोरात ओढला, चेक फाडला, खोगीर पिकअपच्या मागे ठेवलं आणि गेला.